चिंगीच्या पिसवा आणि आमचे तीन महिने

आमची कुत्री चिंगी रात्री खाजवायला लागली की तिच्या मागच्या पायाचं ढोपर फरशीवर आपटायचं. ठकठकठक असा आवाज, मग जरा शांतता, मग शेपटीच्या मुळाशी दातांनी कुरतडल्याचा आवाज. पहिला आठवडा मी ते मनावर घेतलं नाही. कातडी कोरडी पडली असेल, केस गळायचे दिवस असतील, असं वाटत राहिलं. एका संध्याकाळी तिच्या पाठीवरून हात फिरवताना कमरेच्या मागे केस विरळ लागले आणि खालची कातडी गरम, ओलसर लागली. तेव्हा मात्र तिला दिव्याखाली घेऊन बसले.

केस उलटे सारून पाहिलं तर पळणारं काही दिसलं नाही. मुळांपाशी काळे बारीक कण होते, तेवढेच.

"माती असेल गं, लोळली असेल कुठेतरी," आई म्हणाली.

मी ते कण पांढऱ्या ओल्या कागदावर झटकले. मिनिटभरात प्रत्येक कणाभोवती तांबूस डाग पसरला. मातीचा असा डाग पडत नाही. ती पिसवांची विष्ठा होती, म्हणजे चिंगीचंच पचलेलं रक्त. पोटात कालवलं मला ते बघून. ज्यांचा कुत्रा सतत खाजवतोय त्यांनी हा कागदाचा प्रयोग आधी करावा असं मी कळकळीने सांगते. पिसू दिसली नाही म्हणजे पिसवा नाहीत, असं नसतं. खाज सुटलेला कुत्रा चाटून-चावून बऱ्याच पिसवा स्वतःच गिळून टाकतो.

पुढचे तीन आठवडे आम्ही जे केलं त्यातलं बहुतेक चुकीचं होतं. पिसवांचा शाम्पू आणला, आंघोळ घातली, पाण्यात मेलेल्या पिसवा तरंगल्या, आम्हाला हायसं वाटलं. चार दिवसांत पुन्हा तेच. पुन्हा आंघोळ. मग मानेवर थेंब सोडायचं औषध आणलं आणि दुसऱ्याच दिवशी तिला परत शाम्पू लावला. ती थेंबांची औषधं कातडीच्या तेलात मिसळून अंगभर पसरतात. आधी-नंतर दोन दिवस तरी शाम्पू लावायचा नसतो हे आम्हाला ठाऊक नव्हतं. अर्धं औषध मोरीत गेलं असणार. कुणी टी ट्री तेल लावा म्हणालं, कुणी जेवणात लसूण घाला म्हणालं. ते दोन्ही मी केलं नाही याचं आज समाधान वाटतं. ते तेल कुत्र्याला बाधतं, आणि लसणाने त्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी नासतात.

सगळ्यात मोठी चूक वेगळीच होती. घर वाचवायचं म्हणून मी चिंगीला मागच्या खोलीत ठेवलं. सहा वर्षं माझ्या पलंगाशेजारी झोपलेली ती कुत्री दाराच्या फटीला नाक लावून रात्रभर कण्हायची. मी इकडे जागी आणि ती तिकडे. आपण योग्य तेच करतोय, अशी मी स्वतःची समजूत घालत होते.

शेपटीजवळच्या कातडीतून पू यायला लागला तेव्हा डॉक्टरांकडे गेलो. खरं तर तिथे तीन आठवडे आधी जायला हवं होतं. डॉक्टरांनी बारीक दातांची फणी फिरवली, केस बाजूला करून कंबर आणि मांड्यांची आतली बाजू पाहिली आणि म्हणाले, "हिला पिसवांच्या लाळेची ॲलर्जी आहे. अशा कुत्र्याला थोडेसे चावेही पुरतात, खाज कितीतरी दिवस टिकते." मग शेपटी उचलून त्यांनी केसांत चिकटलेला तांदळाच्या दाण्यासारखा एक तुकडा दाखवला. तो पट्टकृमीचा, म्हणजे फितीसारख्या चपट्या जंताचा होता. या कृमीची अंडी पिसवेच्या अळीच्या पोटात जातात, अळीची पिसू होते, कुत्रा ती पिसू गिळतो आणि कृमी त्याच्या आतड्यात वाढतो. लहान मुलाच्या तोंडात चुकून पिसू गेली तर त्यालाही होऊ शकतो. हे ऐकल्यावर त्या दिवसापासून मुलीला मी चिंगीच्या गादीवर लोळू दिलं नाही.

कातडीसाठी प्रतिजैविक, खाजेसाठी औषध, कृमीसाठी वेगळी गोळी, आणि पिसवांसाठी वजनावर ठरवलेली, महिन्यातून एकदा द्यायची अफॉक्सोलेनरची गोळी अशी यादी झाली. ती देण्याआधी चिंगीला कधी फिट आली होती का, हे डॉक्टरांनी दोनदा विचारलं. या गटातल्या औषधांनी काही जनावरांना झटके येऊ शकतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ साली तसा इशारा दिला आहे. तिला कधीच आली नव्हती.

निघताना ते म्हणाले, "अंगावर दिसतात त्या पिसवा म्हणजे एकूण पिसवांपैकी साधारण पाच टक्के भाग धरा. उरलेला तुमच्या घरात अंडी, अळ्या आणि कोष होऊन पडलाय."

ते वाक्य घेऊन मी घरी आले आणि कागदावर घराचा नकाशा काढला. चिंगी दिवसभरात कुठे कुठे पडून असते तिथे फुल्या मारल्या. तिची गादी, सोफ्याचा डावा कोपरा, माझ्या पलंगाखालची जागा, दाराजवळचं पायपुसणं, जिन्याखालचा कोपरा, गाडीची मागची सीट आणि आता मागची खोली. पिसू पहिल्यांदा रक्त प्यायली की एक-दोन दिवसांत अंडी घालू लागते, दिवसाला चाळीस-पन्नास सुद्धा. उवांच्या लिखा केसाला चिकटून बसतात, पिसवांची अंडी मात्र गुळगुळीत असतात, कुत्रा जिथे बसतो, उठतो, अंग झटकतो तिथे ती गळतात. माझ्या नकाशावरची प्रत्येक फुली म्हणजे अंड्यांचा साठा होता. त्यातून निघणाऱ्या अळ्या उजेडापासून पळतात, गालिच्याच्या बुडाशी आणि फटींत शिरतात, आणि तेच काळे कण खाऊन वाढतात. मी कागदावर विरघळवलेलं ते वाळलं रक्त त्यांचं अन्न होतं.

म्हणून सफाई त्या फुल्यांवर केली. चादरी, गादीची खोळ, पायपुसणी दर आठवड्याला साठ अंश तापलेल्या पाण्यात. व्हॅक्युम पहिले दोन आठवडे रोज, सोफ्याच्या उशा काढून त्यांच्या खालीसुद्धा, आणि त्याची पिशवी लगेच बंद करून घराबाहेर. त्यानंतर घरात फवारायचं औषध आणलं, पण त्यात पायरीप्रॉक्सिफेन आहे हे बघून घेतलं. त्याने अंडी आणि अळ्या पुढे वाढतच नाहीत; नुसत्या मोठ्या पिसवा मारणाऱ्या फवाऱ्याचा उपयोग तेवढ्यापुरताच. फवारा सुकेपर्यंत सगळे बाहेर थांबलो. मुलीची माशांची टाकी आधीच दुसऱ्या घरी पोचवली होती, कारण अशा फवाऱ्यांतली बरीच द्रव्यं माशांना मारक असतात.

याच दिवसांत धाकट्या बहिणीचा फोन आला. "ताई, तुमच्याकडचं ते मानेवर सोडायचं औषध उरलंय ना? आमच्या मनीला पण खाज सुटलीये, देऊ का थोडं?" मी उठूनच उभी राहिले. त्यात परमेथ्रिन नावाचं कीटकनाशक होतं. कुत्र्याला ते चालतं, पण मांजराच्या शरीराला ते नीट पचवून बाहेर टाकता येत नाही. थरथर, झटके, मृत्यूसुद्धा. तिला फोनवरच मनीच्या डॉक्टरांकडे पाठवलं आणि उरलेली नळी त्याच दिवशी घरातून काढून टाकली. घरात किंवा येण्या-जाण्यात मांजर असेल तर कुत्र्याच्या औषधावरचं नाव आधी वाचा, ही माझी विनंती आहे.

गोळीनंतर दुसऱ्या दिवसापासून चिंगी झोपू लागली. आठवडाभर फणीत काही येईना. आम्हाला वाटलं, सुटलो. चौथ्या आठवड्याच्या सुरुवातीला एका लग्नासाठी सहा दिवस बाहेरगावी गेलो, चिंगीला घेऊन. परत आलो, कुलूप काढलं, आत पाच-सहा पावलं टाकली आणि मुलगी किंचाळली. तिच्या पांढऱ्या मोज्यांवर काळे ठिपके उड्या मारत होते. माझ्या घोट्यांवरही.

सगळं व्यर्थ गेलं असं वाटून मी तिथेच जिन्यावर बसले. औषध खोटं निघालं, दुसरं मागायचं, अशा तयारीने डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी शांतपणे विचारलं, "घर बंद होतं ना?" मग उलगडा झाला. अळी स्वतःभोवती चिकट कोष विणते, त्यावर धूळ बसते, आणि फवारा आत पोचत नाही. आत तयार झालेली पिसू आठवडे, कधी महिनेही वाट बघत पडून राहू शकते. उष्णता, पावलांचा हादरा आणि श्वासातला कार्बन डायऑक्साइड जाणवला की ती बाहेर येते. सहा दिवस रिकाम्या घरात हे सगळं थांबलं होतं, आणि आम्ही दार उघडून आत चालत गेलो तसे कोष एकदम फुटले. व्हॅक्युमच्या हादऱ्यानेही तेच होतं, आणि ते चांगलंच, कारण बाहेर आलेली पिसू मारता येते.

"या पिसवा नव्या आहेत, भुकेल्या आहेत," डॉक्टर म्हणाले. "चिंगीला घरभर फिरू द्या. औषध तिच्या रक्तात आहे. तिला चावली की पिसू अंडी घालायच्या आत मरते. तुम्ही तिला एका खोलीत कोंडलंत तर बाकीच्या घरातल्या पिसवा कुठे जाणार?"

त्या रात्री मी मागच्या खोलीचं दार उघडलं ते पुन्हा लावलं नाही. चिंगी उंबऱ्यावर थबकली, माझ्याकडे बघितलं आणि सरळ पलंगाशेजारच्या तिच्या जागी जाऊन पडली. मला रडू आलं. ज्या जनावराला मी घरापासून लांब ठेवत होते, घर साफ व्हायला तेच घरभर हिंडायला हवं होतं.

त्यानंतर मी वही ठेवली. रोज संध्याकाळी पाच मिनिटं फणी, कंबर-मान-पोट या क्रमाने, आणि निघालेल्या पिसवा साबणाच्या पाण्यात. परतल्याच्या दिवशी १९. आठवड्याने ११, त्यातल्या बऱ्याच मेलेल्या किंवा धड उडी न मारता येणाऱ्या. पाचव्या आठवड्याला ६, सातव्याला २. मधे एकदा आकडा पुन्हा ५ वर गेला तेव्हा वही बघितली म्हणूनच धीर राहिला. आकडे वरखाली होत उतरत होते. महिन्याची दुसरी गोळी ठरल्या तारखेलाच दिली, एक दिवसही उशीर केला नाही. खाज थांबली म्हणून पुढची गोळी टाळली की उरलेल्या कोषांतून निघालेली पिसू सुखाने अंडी घालते आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून.

या पिसवा मुळात आल्या कुठून, हे शोधताना आणखी एक कळलं. कुत्र्यांवर बहुतेक वेळा सापडते ती जात मांजराची पिसू म्हणून ओळखली जाते. आमच्याकडे मांजर नाही, पण जिन्याखालच्या अंधाऱ्या, दमट कोपऱ्यात भटकी मांजरं झोपायची आणि चिंगीही दुपारी तिथेच जाऊन पडायची. अळ्यांना सावली आणि दमटपणा लागतो; उन्हात तापणाऱ्या कोरड्या जागी त्या जगत नाहीत. तो कोपरा आम्ही रिकामा केला, जुनी पोती काढली, उजेड आत येईल असं केलं. मांजरांना हाकललं नाही, ती आपणहून पलीकडच्या भिंतीवर गेली.

शेवटची पिसू पहिल्या गोळीनंतर ७४ व्या दिवशी निघाली. मरायला टेकलेलीच होती. त्यानंतर सलग तीन आठवडे शून्य आल्यावर मी रोजची फणी थांबवली. आता फक्त रविवारी. शेपटीच्या मुळाशी केस आले आहेत, आधीपेक्षा थोडे गडद. फणीचा डबा उघडल्याचा आवाज आला की चिंगी स्वतःहून येऊन माझ्या पायाशी आडवी होते, पोट वर करून. पुढच्या गोळीची तारीख कॅलेंडरवर लाल शाईने लिहिलेली आहे, आणि तिच्यापुढच्या दोन महिन्यांचीही.