खडूची रेघ

मशीनच्या स्क्रीनवर सगळे आकडे हिरवे होते आणि माझ्या पायाशी पडलेल्या टायरची बाहेरची कड पार कुरतडून निघाली होती. टायर नवा होता. पोरगा म्हणाला, "काका, तुमचं मशीन तर ओके म्हणतंय की. मग गाडी वळत का नाही?"

सोलापुरात होटगी रस्त्यावर माझं व्हील अलाइनमेंटचं, म्हणजे चाकांचे कोन मोजून जुळवायचं दुकान आहे. त्या पोराच्या घरचे अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचे लूम आहेत. गाडी साधी स्विफ्ट, पण नाद ऑटोक्रॉसचा. मोकळ्या मैदानात शंकूसारखे कोन मांडून वाकडातिकडा रस्ता आखायचा, एका वेळी एकच गाडी सोडायची आणि वेळ मोजायची. कोनाला धक्का लागला की दंडाचे सेकंद वाढतात. वेग फार नसतो, पण वळणं एकामागून एक येतात. याची गाडी स्टिअरिंग पूर्ण फिरवलं तरी नाक सरळच रेटत होती.

मशीन खोटं बोलत नव्हतं. कंपनीची मापं रोजच्या रस्त्यासाठी असतात आणि तिथे ती बरोबरच आहेत. पण मशीन मोजतं ती उभी गाडी. जोरात वळताना बॉडी बाहेर कलते, तिच्यासोबत चाकही कलतं आणि सगळा भार बाहेरच्या टायरच्या खांद्यावर, म्हणजे बाहेरच्या कडेवर येतो. टायरची निम्मी रुंदी नुसती फिरत राहते. म्हणून चाक आधीच वरून आत झुकवून ठेवायचं, म्हणजे निगेटिव्ह कॅम्बर द्यायचा.

स्विफ्टला पुढे कंपनीकडून फक्त टो, म्हणजे वरून पाहताना चाकाचं तोंड आत-बाहेर किती वळलंय तेवढंच फिरवता येतं, कॅम्बर नाही. त्यामुळे स्ट्रट (शॉकॲब्सॉर्बरचा खांब) आणि नकल (चाक ज्यावर बसतं तो भाग) धरणाऱ्या दोन बोल्टांपैकी वरचा काढून तिथे बारीक, फुगीर पोटाचा कॅम्बर बोल्ट बसवला. तो फिरवला की चाक झुकतं. मागे दोन्ही चाकं जोडणारा अखंड बीम आहे, तिथे टायरमधल्या हवेशिवाय हातात काही नाही.

माप घेताना सीटवर माणसाचं वजन हवं, कारण माणूस बसला की गाडी त्या बाजूला दबते. पोरगा चहा आणायला गेला होता. घरी न्यायला आणलेलं मालदांडी ज्वारीचं 50 किलोचं पोतं मी ड्रायव्हर सीटवर ठेवलं, बेल्ट लावला आणि पायाशी टूलबॉक्स ठेवला. दोन्हीकडे उणे दीड अंश कॅम्बर लागला. कॅम्बर हलला की टो हलतोच, म्हणून टो नेहमी शेवटी. तो एकेका चाकाला मिलीमीटरभर बाहेर ठेवला, त्याने गाडी वळणात चटकन शिरते. बोल्टांवर पांढऱ्या रंगाची रेघ ओढली.

ट्रायल घ्यायला एका बंद सूतगिरणीचं काँक्रीटचं आवार मिळालं होतं, रीतसर परवानगी काढून. कोन म्हणून त्याने लूमवरचे सुताचे रिकामे कोन आणले होते. तीन-तीन एकात एक बसवून वर लाल चिंधी बांधली, तेव्हा ते ड्रायव्हरला दिसायला लागले.

मी पुढच्या टायरवर खडू ओढला, रस्त्याला टेकणाऱ्या पट्ट्यापासून बाजूच्या भिंतीपर्यंत आडवी रेघ. बऱ्याच टायरच्या खांद्यावर बारीक त्रिकोण असतो. तो खरं तर झिजेची खूण कुठे आहे ते दाखवतो, पण आपल्याला तिथवर रेघ पुसलेली हवी. पहिल्या फेरीत 34 पीएसआय हवेवर खडू त्रिकोणाच्या खाली बोटभर पुसला गेला. टायर लोळत होता. 38 केल्यावर पुसणं वर सरकलं. मागेही थोडी हवा वाढवली, म्हणजे मागची पकड जरा सुटते आणि नाक वळतं.

चौथ्या फेरीनंतर तो म्हणाला, "काका, उजवीकडे ओढतेय." मी वाकून पाहिलं. उजव्या बोल्टावरची पांढरी रेघ तुटली होती.

बोल्ट सरकला होता आणि चूक माझी होती. स्ट्रटच्या कानांवर जुना गंज आणि माती होती. मी तिथे फडकं मारलं होतं, तारेचा ब्रश नाही. धातूला धातू नीट चिकटला नाही की कितीही आवळा, धक्क्याने सरकतोच. आत कोवळं पोर बसलं होतं. माझ्या तळहातांना घाम फुटला. त्याला स्पष्ट सांगितलं की आता एकही फेरी नाही. गाडी हळूहळू दुकानात आणली, दोन्ही बाजू खोलल्या, घासून चकचकीत केल्या, टॉर्क रेंचने आवळल्या, सगळी मापं पुन्हा घेतली आणि नवी रेघ ओढली.

परत गेलो तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. मे महिन्यातलं सोलापूरचं ऊन मी वेगळं सांगायला नको. सकाळी 38 भरलेले टायर 42 दाखवत होते, उन्हाकडच्या बाजूचे आणखी दोनने जास्त. हवा सोडून सारखी केली, पण गाडी उभी राहिली की पुन्हा तेच. तेव्हा पोराने डिकीतून घरचे टॉवेल काढले, पाण्यात बुडवले आणि चारही चाकांवर टाकले. मला हे सुचलं नसतं. दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळेत टायर ताब्यात राहिले.

सकाळची पहिली फेरी 41.8 सेकंदांची होती. संध्याकाळी, तोच रस्ता, एकही कोन न पाडता, 39.9. पोरगा मोबाइलवरचं घड्याळ सगळ्यांना दाखवत सुटला. मी चाकाशी बसलो. खडू बरोबर त्रिकोणाच्या टोकापर्यंत पुसला होता, त्याखाली रेघ जशीच्या तशी पांढरी. पट्टा आतून बाहेरपर्यंत एकसारखा गरम लागत होता. बोल्टावरची रेघही अखंड होती.

रात्री दुकानात टो परत शून्यावर आणला, कारण बाहेर उघडलेला टो रोजच्या रस्त्यावर टायरची आतली कड खातो. आकडे एका कागदावर लिहून त्याला दिले. कॅम्बरचे आकडे स्क्रीनवर लालच होते, ते तसेच राहू दिले.