तिन्हीसांजेचा केर

संध्याकाळी साडेसातला आम्ही दोघी आयर्लंडमधल्या किलकेनीच्या किल्ल्याच्या फाटकाशी उभ्या होतो आणि ऊन चक्क डोळ्यांवर येत होतं. चेटूक, प्लेग, खटले, फाशी असं सगळं कबूल करणारा हा गावातला पायी फेरफटका. आई म्हणाली, "अगं, असल्या गोष्टी ऐकायच्या तर निदान अंधार तरी पडायला हवा ना?" जूनमध्ये इथे सूर्य दहाच्या सुमारास मावळतो, हे तिला महिनाभर राहूनही पटलेलं नव्हतं. डब्लिनच्या माझ्या घरी ती रोज सात वाजता देवापुढे दिवा लावायची आणि खिडकीतून येणाऱ्या उन्हाकडे रागाने बघायची.

आई तीन महिन्यांसाठी आली होती. पहिल्या काही शनिवार-रविवारी मी तिला उत्साहाने समुद्रकडे आणि हिरवे डोंगर दाखवले. तिसऱ्या वेळी ती म्हणाली, "डोंगर आणि समुद्र कुडाळला भरपूर आहेत. मला माणसं दाखव." म्हणून किलकेनी. डब्लिनच्या ह्यूस्टन स्टेशनवरून गाडीने दीडएक तास. गाव जेमतेम २७ हजार वस्तीचं, पण त्याला कुणी गाव म्हटलेलं चालत नाही. १६०९ मध्ये राजा पहिल्या जेम्सने शहराची सनद दिली आहे, तेव्हा शहरच म्हणायचं.

सुरुवातीलाच माझा घोळ उघडा पडला. तिकिटं मी जूनऐवजी जुलैची काढली होती. गाईडने माझा फोन पाहिला, आईच्या पायांतल्या नव्या कोऱ्या बुटांकडे पाहिलं आणि म्हणाला, "जुलैमध्ये परत येण्यापेक्षा आजच चला." साठी ओलांडलेला, बारीक, आवाज मात्र मागच्या बाकापर्यंत पोचणारा. डोक्यावर काळ्या-पिवळ्या पट्ट्यांची लोकरी टोपी, भर जूनमध्ये. कुठून आलात, असं विचारल्यावर मी 'भारत' म्हणाले आणि त्याने लगेच वराडकरांचं नाव काढलं. आयर्लंडचे माजी पंतप्रधान लिओ वराडकर यांचे वडील मालवण तालुक्यातल्या वराडचे, हे इथे पुष्कळांना ठाऊक असतं. आईने मान ताठ केली. "सांग त्याला, वराड आमच्या कुडाळपासून जवळच आहे." मी सांगितलं. तेव्हापासून आमचा भाव वधारला.

किल्ला आपल्या कल्पनेतला नाही. तटाची चढण नाही, दिंडी दरवाजा नाही. नोअर नदीच्या काठावर हिरवळीत बसलेला करडा वाडाच म्हणा ना. विल्यम मार्शल नावाच्या नॉर्मन सरदाराने तेराव्या शतकाच्या सुरुवातीला तो दगडात बांधला. बुरूज चार होते, आता तीन आहेत. १६५० मध्ये इंग्रज सेनापती क्रॉमवेलने वेढा घातला त्यात एका बाजूची भिंत आणि बुरूज खिळखिळे झाले ते झालेच. १३९१ मध्ये बटलर घराण्याने किल्ला विकत घेतला आणि साडेपाचशे वर्षं वापरला. १९३५ मध्ये खर्च झेपेना म्हणून सामानसुमानाचा लिलाव करून ते निघून गेले, आणि १९६७ मध्ये अख्खा किल्ला गावाच्या समितीला पन्नास पौंडांना देऊन टाकला. मी हे मराठीत सांगताच आई म्हणाली, "आमच्या सोसायटीचा मेंटेनन्स त्याहून जास्त आहे."

हाय स्ट्रीटवर वळलो आणि पाऊस आला. इथला पाऊस म्हणजे शिंतोडे. कोकणातल्या माणसाने त्याला पाऊस म्हणणं म्हणजे अपमानच. तरी सगळे थोलसेलच्या कमानींखाली घुसलो. थोलसेल म्हणजे मुळात जकात गोळा करायची कचेरी. आताची इमारत १७६१ ची, रस्त्यावर पुढे आलेल्या कमानी आणि डोक्यावर घड्याळाचा मनोरा. गाईड म्हणाला, "ही जागा लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे." एवढंच बोलून तो गप्प झाला. मग खाली बोट दाखवलं.

पायाखालची फरशी काळी होती. कोरडी असताना ती नुसती राखाडी, धुरकट दिसते. भिजली की काजळासारखी काळी होते आणि तिच्यात पांढरी चित्रं उमटतात. कुठे अर्धचंद्र, कुठे शिंपल्याची कड, कुठे कारलं आडवं चिरल्यावर दिसतात तशा चकत्या. हे जीवाश्म. किलकेनीचा प्रसिद्ध काळा संगमरवर खरं तर संगमरवर नाहीच. समुद्राच्या तळाशी साठलेला, कोट्यवधी वर्षांपूर्वीचा चुनखडक आहे तो, घासला की आरशासारखा चमकतो. इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड याचा सांगाडा कार पार्कखाली सापडल्यावर २०१५ मध्ये त्याला लेस्टरला पुन्हा पुरलं, त्या थडग्याचा चौथरा याच दगडाचा. आई वाकून एका शिंपल्यावरून बोट फिरवत होती. "तिसऱ्या आहेत गं ह्या," ती म्हणाली. कोकणात आम्ही ज्या तिसऱ्यांचं सुकं करतो त्या नसणार, पण मी वाद घातला नाही.

पाऊस थांबेपर्यंत गाईडने टोपीचा खुलासा केला. काळा-पिवळा हा किलकेनीच्या हर्लिंग संघाचा रंग. हर्लिंग म्हणजे लाकडी दांडक्याने चेंडू जमिनीवरून, हवेतून, जमेल तसा मारत धावायचं. हॉकीला हिंमत चढली तर ती अशी दिसेल. ऑल-आयर्लंड अजिंक्यपद किलकेनीने ३६ वेळा जिंकलंय, इतर कुणाहीपेक्षा जास्त. आणि गंमत अशी, की १३६६ मध्ये याच गावात भरलेल्या संसदेने हर्लिंगवर बंदी घातली होती. आयर्लंडमध्ये राहून इंग्रज वसाहतवाले फारच आयरिश होत चालले, ही राज्यकर्त्यांची तक्रार. म्हणून कायदे केले : आयरिश मुलीशी लग्न नको, आयरिश बोलायचं नाही, इंग्रजीच बोलायचं, घोड्यावर खोगीर घालूनच बसायचं आणि हर्लिंग खेळायचं नाही. "आणि हे सगळे कायदे," गाईडने दम घेतला, "फ्रेंचमध्ये लिहिले होते!" त्यांच्या दरबाराची लिखापढीची भाषा ती. आईला हे इतकं आवडलं की तिने मला ते दोनदा सांगायला लावलं. इंग्रजी माध्यमाच्या शाळेच्या पालकसभेत मराठीचं महत्त्व इंग्रजीतून ऐकलेली बाई ती.

तिथून बटर स्लिप. १६१६ पासूनचा हा बोळ इतका अरुंद की दोघांनी समोरासमोर आल्यावर एकाने खांदा तिरका करायचा. पूर्वी इथे लोणी विकायला बसत. ऊन आत शिरत नाही, लोणी वितळत नाही. पायऱ्या उतरताना आईने माझा हात धरला होता आणि पुण्यातल्या बोळांची नावं पुटपुटत होती. खाली सेंट कियरन स्ट्रीट. समोर काइटलर्स इन. जुन्या दगडी भिंती, आतून फिडलचा आवाज, दारात माणसं ग्लास घेऊन उभी. पाटीवरचं नाव ॲलिस काइटलरचं.

इथे गाईडने आवाज खाली आणला, आणि मलाही शब्द शोधावे लागले, कारण आईला काही गाळलेलं चालत नाही.

ॲलिस काइटलर ही चौदाव्या शतकातली इथली बडी असामी. सावकारी, पैसा, ओळखीपाळखी. एकापाठोपाठ एक चार लग्नं. पहिल्या नवऱ्यापासूनचा मुलगा विल्यम आउटलॉ, त्याच्यावर तिचा फार जीव. नंतरच्या नवऱ्यांच्या आधीच्या मुलांचं म्हणणं, हिने आमच्या बापांना विष घातलं आणि सगळी मालमत्ता विल्यमच्या घशात घातली. भांडण वाटणीचं. पण तेव्हा इथला बिशप होता रिचर्ड लेड्रेड, मूळचा इंग्रज, पाखंड हुडकायची हौस असलेला. त्याने १३२४ मध्ये वाटणीच्या भांडणाचं चेटूक केलं : ॲलिस चौरस्त्यावर प्राण्यांचे बळी देते, शिरच्छेद झालेल्या चोराच्या कवटीत औषधं शिजवते, आणि रॉबिन नावाचा सैतान तिच्याकडे येतो. ॲलिसचीही माणसं कमी नव्हती. इथला सरकारी कारभारी होता तिच्या चौथ्या नवऱ्याच्या घराण्यातला. त्याने उलट बिशपलाच सतरा दिवस किल्ल्यात कोंडून ठेवलं.

"आणखी एक आरोप आहे," गाईड म्हणाला. पुढच्या काळातल्या बखरकारांनी लिहून ठेवलंय, की रात्रीची शेवटची प्रार्थना आणि अंधार यांच्या मधल्या वेळात ॲलिस किलकेनीचे रस्ते झाडायची. सगळा केर लोटत लोटत मुलाच्या, विल्यमच्या, दारात नेऊन घालायची आणि पुटपुटायची, की या गावाची सगळी संपत्ती माझ्या मुलाच्या घरी येवो.

मी हे सांगून होईतो आईने माझं मनगट घट्ट पकडलं होतं. "म्हणजे इथेही तेच!"

आमच्या घरी दिवेलागणीला झाडू हातात घ्यायची छाती कुणाची नव्हती. केराबरोबर लक्ष्मी घराबाहेर जाते. काच फुटली, तांदूळ सांडले, काहीही झालं तरी केर कोपऱ्यात गोळा करून ठेवायचा, बाहेर टाकायचा तो सकाळी. कुडाळच्या आजीने मला यापायी धपाटा घातलेला आहे. हे मी गाईडला सांगितलं. तो हसला नाही. थोडा विचार करून म्हणाला, "म्हणजे तुमच्याकडे ती बाहेर जाते एवढंच सांगतात. आमच्या लोकांनी ती कुणाच्या दारात गेली तेही बघून ठेवलं."

पुढची गोष्ट तशी नेहमीची. ॲलिस निसटली. बहुधा इंग्लंडला गेली, नंतर तिची नोंद कुठेच नाही. विल्यम आउटलॉ शरण आला. त्याला शिक्षा काय, तर वर्षभर रोज तीन वेळा प्रार्थनेला हजर राहायचं, गोरगरिबांना जेवण घालायचं आणि कॅथीड्रलच्या छताला शिशाचे पत्रे बसवून द्यायचे. मागे राहिली ॲलिसची मोलकरीण, मीथ भागातली पेट्रोनिला. तिला पुन्हापुन्हा फटके मारले. मारता मारता तिने सगळं कबूल केलं. रॉबिन येतो, मालकिणीसारखी चेटकीण जगात नाही, सगळंच. ३ नोव्हेंबर १३२४ ला तिला गावासमोर जाळलं. "थोलसेलपाशी," गाईड म्हणाला, "मघाशी तुम्ही पावसाला थांबला होता तिथेच कुठेतरी."

पबमधलं फिडल थांबून टाळ्या पडल्या. आमच्यातल्या एका अमेरिकन जोडप्याने पाटीखाली उभं राहून फोटो काढून घेतला.

आई जरा वेळाने म्हणाली, "चार नवरे पाहिलेली सावकारीण स्वतः रस्ता झाडेल होय? झाडत असेल ती ही पोर."

मी गाईडला सांगितलं. तो म्हणाला, इतकी वर्षं ही गोष्ट सांगतोय, पण झाडू कुणाच्या हातात होता हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मग म्हणाला, पेट्रोनिलाला एक मुलगी होती, बॅसिलिया. आईने लगेच विचारलं, "तिचं काय झालं?" ॲलिसबरोबर ती पळाली असं म्हणतात, एवढंच उत्तर होतं. आईला ते पुरेसं वाटलं नाही, पण त्याच्याकडेही त्यापुढे काही नव्हतं.

रोद हाउसपाशी ती पुन्हा खुलली. १५९४ मध्ये एका व्यापाऱ्याने बांधलेलं घर. संसार वाढला तसं मागे दुसरं, त्याच्या मागे तिसरं, मध्ये चौक, शेवटी परसबाग. फाटक बंद होतं, कमानीतूनच डोकावलो. "वाडाच की!" आईने निकाल दिला. त्यानंतर १६४२ साली इथे जमलेल्या कॅथलिक परिषदेवर गाईड बराच वेळ रंगून बोलला. आईने दुसऱ्यांदा जांभई दिल्यावर मी भाषांतर थांबवलं.

सेंट फ्रान्सिस मठाचे अवशेष स्मिथविक्स बीअरच्या जुन्या भट्टीच्या आवारात उभे आहेत. १७१० पासूनची भट्टी, २०१३ मध्ये इथलं उत्पादन बंद झालं. या मठात जॉन क्लिन नावाचा साधू वर्षावर्षाच्या हकिकती लिहायचा. १३४८-४९ च्या हिवाळ्यात प्लेग किलकेनीत पोचला. आजूबाजूची माणसं मरत असताना त्याने लिहिलं, की मी स्वतः मेलेल्यांत जमा होऊन मरणाची वाट पाहतोय. जे पाहिलं ते लिहिलंय, आणि मागे कोरं चर्मपत्र ठेवतोय, न जाणो कुणी वाचलंच तर त्याने हे काम पुढे चालवावं. त्यानंतर मजकूर जवळजवळ नाहीच. खाली दुसऱ्याच हस्ताक्षरात एक ओळ आहे : लेखक इथे मरण पावला असं दिसतं.

यावर आई काही बोलली नाही. मी पण नाही.

शेवट सेंट कॅनिस कॅथीड्रलच्या पायऱ्यांशी. शेजारी तीसेक मीटर उंच गोल मनोरा, दिवसा वर चढता येतं. विल्यमने बसवून दिलेल्या शिशाचं पुढे काय झालं, ते गाईडने इथे सांगितलं : १३३२ मध्ये घंटेचा मनोरा छतावर कोसळला, आणि लोक म्हणतात, त्या शिशाचाच भार. बिशप लेड्रेडचं थडगं आत आहे, वर त्याची झोपलेली दगडी मूर्ती. "सकाळी या, बघायला मिळेल," तो म्हणाला. आई म्हणाली, "त्याला कशाला बघायचं?"

गेस्टहाउसवर पोचलो तेव्हा साडेदहा होत आले होते. भूक लागली होती, डब्यातले रव्याचे लाडू काढले. आईचा लाडू फुटला आणि रवा फरशीभर झाला. मी कोपऱ्यातला छोटा झाडू उचलला. तिने खिडकीबाहेर पाहिलं. नदीपलीकडे आकाश नुकतं जांभळं होत होतं आणि रस्त्यावरचे दिवे लागले होते.

"ठेव तो," ती म्हणाली. "आत्ता कुठे दिवेलागण झालीय." मग गुडघ्याला हात देत खाली बसली, हाताने रवा गोळा केला, ट्रेनच्या तिकिटाच्या कागदात पुडी बांधली आणि उशाशी ठेवली. सकाळी निघताना टाकू म्हणाली.