बेर शेवाच्या भिंतीत सापडलेली वेदी

घरून फोन आला की प्रश्न ठरलेले असतात. जेरुसलेम पाहिलंस का, मृत समुद्रात तरंगलीस का. आम्ही राहतो त्या इस्राएलमधल्या बेर शेवाबद्दल सहसा कुणी विचारत नाही. पण इस्राएल लोकांची जुनी उपासना समजून घ्यायची असेल, तर मी पाहुण्यांना आधी या शहराबाहेरच्या टेकाडावर नेते. तेल बेर शेवा असं त्याचं नाव. २००५ पासून ते जागतिक वारसा यादीत आहे. फाटकातून आत गेलं की लगेच चार शिंगांची एक दगडी वेदी दिसते. ती प्रतिकृती आहे. अस्सल दगड जेरुसलेमच्या इस्राएल म्युझियममध्ये आहेत.

ही वेदी उभी सापडलीच नाही. पुरातत्त्वज्ञ योहानान अहरोनी यांचं पथक इथे खोदत असताना १९७३ मध्ये एका कोठाराच्या भिंतीत काही दगड वेगळे दिसले. बाकीचे दगड ओबडधोबड, हे मात्र नीट घडवलेले. त्यातले चार वर टोक काढलेले होते. तीन टोकं शाबूत, एक तुटलेलं. ती वेदीच्या चार कोपऱ्यांवरची शिंगं होती. दगड जुळवल्यावर जी वेदी उभी राहिली तिची उंची साधारण १५७ सेंटीमीटर भरली. काही दगड आगीने काळवंडलेले, आणि एकावर वळणं घेत जाणारा साप कोरलेला.

म्हणजे कुणीतरी ही वेदी उतरवली आणि तिचे दगड भिंतीत चिणून टाकले. ते का, हे कळायला आधी वेदीवर नेमकं काय होत होतं ते बघायला हवं.

बळी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर मान कापणं येतं. इथे वेदीवर जनावर मारत नसत. बायबलमधल्या लेवीय पुस्तकाच्या पहिल्याच अध्यायात क्रम दिलाय. माणूस आपलं जनावर घेऊन यायचा, त्याच्या डोक्यावर हात ठेवायचा आणि वेदीच्या उत्तरेला स्वतःच ते कापायचा. याजकाचं, म्हणजे पुजाऱ्याचं, काम त्यानंतर सुरू व्हायचं, आणि ते रक्तापासून. रक्तात प्राण असतो आणि प्राण देवाचा, म्हणून ते माणसाने खायचं नाही, वेदीवर शिंपडायचं. पापार्पणात तेच रक्त शिंगांना लावत. वेदीवर चढायचं ते रक्त, चरबी, पीठ आणि धूप. होमबली असला तर कातडं सोडून सगळं जनावर जळायचं. आपलं होमकुंड जमिनीत खाली जातं, ही वेदी वर चढते, पण अग्नीवाटे देवापर्यंत पोचवायचं ही ओढ मला दोन्हीकडे दिसते.

मला सगळ्यात भावतं ते शांत्यर्पण. त्यात चरबी देवाची, ऊर आणि उजवी मांडी याजकाची, आणि उरलेलं सगळं मांस अर्पण करणाऱ्याच्या घरचं. आभाराचं अर्पण असेल तर ते त्याच दिवशी संपवायचं, सकाळपर्यंत ठेवायचं नाही. नवसाचं असेल तर दुसऱ्या दिवसापर्यंत चालतं, तिसऱ्या दिवशी उरलेलं जाळून टाकायचं. आख्खा बोकड एका घराला एका दिवसात संपणार कसा? शेजारीपाजारी, नातेवाईक, दारचा परका, सगळ्यांना बोलवावंच लागणार. असं कलम कुठे लिहिलेलं नाही, पण या नियमाचा परिणाम तोच. वेदी म्हणजे देवासोबत जेवायला बसण्याची जागा, असं मी समजते. गरिबालाही तिथे जागा होती. पापार्पणासाठी मेंढी परवडत नसेल तर दोन पारवे, तेही नसतील तर एफा या मापाचा दहावा हिस्सा पीठ. तेवढ्यावरही क्षमा तीच.

शिंगांना धरलं की आसरा मिळतो अशीही समजूत होती. राजा शलमोनाच्या भीतीने त्याचा सावत्र भाऊ अदोनिया याने शिंगं धरली आणि त्या वेळी तो वाचला. सेनापती यवाबानेही धरली, पण त्याच्या हातून खून झालेले होते, आणि त्याला वेदीपाशीच मारलं. मुद्दाम खून करणाऱ्याला वेदीपासूनही ओढून न्यावं, असा नियम निर्गम पुस्तकात आहे.

त्याच पुस्तकात वेदीच्या दगडांचाही नियम आहे. वेदी मातीची करावी, दगडांची केली तर न घडवलेल्या दगडांची, कारण हत्यार लागलं की ती भ्रष्ट होते. पुढे यहुदी धर्मगुरूंनी मिश्ना या नियमसंग्रहात याचं कारण दिलं: लोखंड माणसाचं आयुष्य तोडायला आहे, वेदी ते वाढवायला, तेव्हा तोडणाऱ्याने वाढवणारीला हात लावू नये. जिथे रोज सुरी चालायची त्या जागेबद्दल हे लिहिलंय, म्हणून मला ते फार मोठं वाटतं.

पण बेर शेवाचे दगड तर घडवलेले आहेत! ग्रंथातला नियम एक आणि गावातली वेदी वेगळी. त्यावर पुन्हा साप. त्या काळी गावोगाव अशा वेद्या होत्या. खुद्द बेर शेवात इसहाकाने वेदी बांधल्याचं बायबलच्या उत्पत्ती पुस्तकात लिहिलंय. इ.स.पू. आठव्या शतकात आमोस संदेष्टा मात्र लोकांना बजावतो की बेर शेवाला जाऊ नका. म्हणजे लोक लांबून इथे येत असणार. त्याच शतकाच्या अखेरीस यहुदाचा राजा हिज्कियाने उच्चस्थानं, म्हणजे गावोगावची उपासनेची ठिकाणं, मोडली, वेद्या काढल्या आणि उपासना जेरुसलेमच्या एका वेदीपाशी आणली. मोशेच्या नावाने पुजला जाणारा पितळी सापही त्यानेच फोडला, हे वाचलं की तो कोरलेला साप आठवतोच. अहरोनींनी भिंतीतल्या दगडांचा संबंध याच सुधारणेशी जोडला. काही अभ्यासकांचे यावर वाद आहेत, पण मला अहरोनींचं म्हणणं पटतं.

इथून पूर्वेला तासाभराच्या आत तेल अराद आहे. तिथल्या किल्ल्यात एक आख्खं मंदिर सापडलं. अंगणातली वेदी न घडवलेल्या दगडांची आणि मातीची, साधारण अडीच मीटर बाजूची चौकोनी, म्हणजे निर्गमातल्या पाच हातांच्या मापाच्या जवळपास. तिथली वेदी नियमाला धरून, तरी तीही बंद झाली. गाभाऱ्याच्या पायरीवरच्या दोन छोट्या धूपवेद्या कुणीतरी आडव्या निजवून वर माती टाकली होती. २०२० मध्ये त्यांच्या माथ्यावरच्या काळ्या थराची तपासणी जाहीर झाली. एकीवर ऊद आणि प्राण्याची चरबी, दुसरीवर शेणात मिसळलेला गांजा. इथल्या वर्तमानपत्रांना गांजाचाच मथळा मिळाला. मला ते निजवणं जास्त बोलकं वाटलं. ज्याने मंदिर बंद केलं त्याने त्या फोडल्या नाहीत.

उरलेली एक वेदी जेरुसलेमची. इ.स. ७० मध्ये रोमन सैन्याने मंदिर पाडलं आणि यहुद्यांचे बळी थांबले. शोमरोनी हा यहुद्यांच्या नात्यातला छोटा समाज. ते लोक नाब्लुसजवळच्या गरिज्जीम डोंगरावर वल्हांडणाच्या सणाला आजही कोकरं अर्पण करतात, पण त्यांची परंपरा वेगळी. यहुद्यांकडे वेदीचं काम जेवणाच्या मेजाने उचललं. मंदिर होतं तेव्हा वेदी प्रायश्चित्त करायची, आता माणसाचं मेज करतं, असं तालमूद या यहुदी धर्मग्रंथात आहे. प्रत्येक अर्पणाबरोबर मीठ हवं हा लेवीय पुस्तकातला नियम, म्हणून शुक्रवारी रात्री शब्बाथचा, म्हणजे विश्रांतीच्या दिवसाचा, पाव तोडला की आधी मिठाला लावतात.

हे मी आमच्या शेजारच्या मावशींकडे पाहिलं. त्या बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या यहुदी समाजातल्या, माहेर अलिबागकडचं, आणि मराठी आपल्यापेक्षा जास्त कोकणी वळणाची. बेर शेवा, दिमोना, अश्दोद, लोद इथे त्यांची बरीच घरं आहेत. मांस मीठ लावून रक्त काढल्याशिवाय त्यांच्या चुलीवर चढत नाही. कोकणात तेल गाळत, शनिवारी घाणा बंद ठेवत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या या लोकांनी वेदीची ही बाजू घरात सांभाळली. नवस फेडायचा असला, लग्नकार्य असलं की त्या मालिदा करतात: भिजवलेले पोहे, साखर, ओलं खोबरं, सुका मेवा, सोबत फळं, आणि एलियाहू हनबी या संदेष्ट्याचं नाव. ताट मधे ठेवून आधी प्रार्थना म्हणतात, मग सगळ्यांना वाटतात.

“अगं, घरी नेऊन ठेवू नको, इथंच खा,” मावशी मला म्हणाल्या. मी त्यांना शांत्यर्पणाचा तो त्याच दिवशी संपवायचा नियम सांगितला. त्यांनी मान डोलावली आणि माझ्या ताटात अजून एक वाढप घातलं.