झारी

खिडकीपासून चार हात आत, कपाटाला टेकून माझं रबराचं झाड उभं होतं. कित्येक महिन्यांत एक नवं पान नाही. माझा उपाय ठरलेला: झारी. पान पिवळं पडलं, घाल पाणी. शेंडा हलेना, घाल पाणी. कुंडीखालची ताटली भरून वाहायची आणि झाड ढिम्म.

पाऊस पडला की पालवी फुटते, हे डोक्यात इतकं पक्कं बसलेलं असतं की बारमाही हिरव्या वर्षावनांबद्दलही मी तसंच धरून चाललो होतो. पण अ‍ॅमेझॉनच्या मोठ्या भागात नवी पानं येतात ती कोरड्या महिन्यांत. पावसाळ्यात तिथं चणचण असते ती उन्हाची. आभाळावर ढगांचं झाकण. ते सरलं की झाडं जुनी पानं टाकतात आणि ताजी काढतात. पाण्याची तजवीज मुळांनी खाली करून ठेवलेली असते. पूर्व अ‍ॅमेझॉनमध्ये आठ मीटरहून खोल गेलेली मुळं सापडली आहेत. अर्थात हा थाट सगळ्यांना झेपत नाही. वर्षाला साधारण २००० मिलिमीटरहून कमी पाऊस असेल, तर कोरड्या दिवसांत झाडांना हात आखडता घ्यावा लागतो.

यावरून शास्त्रज्ञांत चांगलीच जुंपली होती. २००६ मध्ये उपग्रहाच्या नोंदींवरून काहींनी सांगितलं, कोरड्या ऋतूत जंगल जास्त हिरवं होतं. २०१४ मध्ये दुसरे म्हणाले, छे, हा तर सूर्य आणि कॅमेरा यांच्या कोनांचा खेळ! मग जंगलातल्या मनोऱ्यांवरच्या कॅमेऱ्यांनी झाडांचे माथे जवळून टिपले, आणि पालवी खरोखरच कोरड्या दिवसांत फुटताना दिसली.

मला खरं खजील केलं ते पनामातल्या बारो कोलोरॅडो बेटानं. तिथं १९८६पासून सलग पाच कोरड्या ऋतूंत संशोधकांनी जंगलाच्या काही तुकड्यांना चक्क पाणी घातलं. म्हणजे झारीच, जरा मोठी. माती ओली राहिली, तरी बहुतेक जातींची पानगळ आपल्या नेहमीच्याच वेळेला झाली.

हे वाचलं त्याच संध्याकाळी कुंडी ओढत खिडकीशी नेली.

काही आठवड्यांनी शेंड्यावर लाल टोक दिसलं. रबराचं नवं पान लाल वेष्टनात गुंडाळलेलं येतं, मिटलेल्या छत्रीसारखं. एका सकाळी ते वेष्टन मातीवर पडलेलं होतं आणि वर पान लोंबत होतं: मऊ, तांबूस, कणा नसल्यासारखं. वर्षावनातली कितीतरी कोवळी पानं अशीच दिसतात. पानाच्या आयुष्यातलं बरंचसं कुरतडणं या कोवळ्या दिवसांतच होतं. म्हणून काही झाडं पान निबर होईपर्यंत त्यात हिरवा रंग भरतच नाहीत. किड्यानं खाल्लंच, तर नुकसान थोडं. हिशेबी म्हणावं, की पोळलेलं?

पान बोटानं सरळ करायचा मोह आवरला. झारी मात्र अजून हाताशीच असते. उचलतो, मातीत बोट खुपसून बघतो. ओली असते. परत ठेवतो.