मागितल्यावर गप्प बसा म्हणे!

मध्यंतरी आमच्या ऑफिसनं मला दिवसभराच्या ट्रेनिंगला पाठवलं. दुपारचं अख्खं सत्र कशावर, तर गप्प बसण्यावर. खोटं सांगत नाही.

मी इथे इंग्लंडात एका हॉस्पिससाठी, म्हणजे शेवटच्या दिवसांतल्या आजाऱ्यांची काळजी घेणाऱ्या संस्थेसाठी, देणग्या गोळा करते, हे तुम्हाला माहीत आहेच. सरकारकडून येतो तो खर्चाचा साधारण तिसरा हिस्सा. बाकीचे पैसे जुन्या कपड्यांची दुकानं, धावण्याच्या शर्यती, लोकांची मृत्युपत्रं आणि आमच्यासारखे मागणारे यांच्याकडून उभे राहतात. तर मागायचं कसं, त्याचं हे शिक्षण. समोरच्याला नेमकी रक्कम सांगायची आणि तोंड मिटायचं. तो बोलेपर्यंत आपण एक शब्द काढायचा नाही. आधी बोललो तर आपणच आपली रक्कम खाली आणतो, असं शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या.

जोड्या लावल्या. मी माझ्या जोडीदाराकडे ५००१ पौंड मागितले. बाईंनी थांबवलं, "वरचा एक कशासाठी?" आता काय सांगू? शून्यावर संपलेली देणगी आमच्याकडे बरी वाटत नाही, एवढंच जमलं सांगायला. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं! मग पुन्हा सुरुवात. रक्कम सांगितली, तीन सेकंद गेले असतील नसतील, आणि माझी जीभ सुटली. "एकदम नाही जमलं तर हप्त्यानं द्या, निम्मे दिले तरी चालतील, आणि चहा घेणार का?" सगळा वर्ग हसला. पाच वेळा केलं, पाचही वेळा नापास.

चिडले मी, खरंच. ज्या देशात बसमध्ये शेजारी वीस वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत, तिथे गप्प बसण्याचा क्लास?

आणि मागायला शिकवता कुणाला? बेळगावच्या झेंडा चौकात लोकमान्यांनी १९०५ मध्ये सार्वजनिक गणपती बसवला, तेव्हापासून वर्गणी आमच्या रक्तात आहे. बाबा शहापुरातल्या आमच्या मंडळाचे खजिनदार. माझं अक्षर बरं म्हणून अकराव्या वर्षापासून पावत्या लिहायला मी. खडे बाजारातल्या साडीच्या दुकानात शिरलं की बाबा आधी मुलाच्या लग्नाचं विचारत, मग उसाच्या बिलाचं, मग कुणाच्या तरी गुडघ्याचं. मालक कानडी असला की गाडी तिकडे वळायची, "स्वल्प जास्ती कोडरी, अण्णा!" म्हणजे थोडं जास्त द्या. पावती मराठीत, मागणं कानडीत, आणि मोर्चे-बंद काहीही चालू असोत, पैसे दोन्हीकडून यायचे. मालक "यंदा धंदा कुठाय?" म्हणेपर्यंत बाबांनी पेनचं टोपण काढून माझ्या हातात दिलेलं असायचं. "लिही गं, एक हजार एक." होकार नंतर यायचा. गप्प बसायला फटच नसायची.

तरी एक कबूल करते. इथे या कामाला काम म्हणतात. देणग्या गोळा करणाऱ्यांसाठी सीएफआरई नावाची परीक्षा आहे, चार तासांत २०० प्रश्न. बसायच्या आधी मागच्या पाच वर्षांतले शिक्षणाचे ८० गुण आणि नोकरीचे किमान ३६ महिने दाखवावे लागतात. पास झालं तरी दर तीन वर्षांनी पुन्हा गुण जमवून नूतनीकरण. ट्रेनिंगचा तो दिवससुद्धा त्यातच धरला जाईल. खडे बाजारातले गणपती मात्र धरत नाहीत, विचारून झालं.

शिवाय टक्केवारी नाही. या पेशाची जी जुनी अमेरिकन संघटना, १९६० सालची, तिच्या आचारसंहितेत आणलेल्या देणगीवर कमिशन घ्यायला साफ मनाई आहे. कमिशन लागलं की देणाऱ्याच्या सोयीपेक्षा आपला आकडा मोठा होतो. हे वाचलं तेव्हा मला आमच्याकडचा तो ट्रस्ट आठवला. नाव नको. तिथे मी तीन वर्षं दवाखान्यासाठी पैसे गोळा केले. पगार मागितला तर "ही सेवा आहे, बाई." बाहेरून आणलेल्या एजंटाला मात्र शंभरामागे पंधरा. आयकरात सवलत मिळवून देणारी ८०जीची पावती देणगीदाराला मार्च उलटून गेल्यावर मिळायची, आणि फोनवर शिव्या मी खायची. काका अजून म्हणतात, "तिकडं जाऊन पगार घेऊन वर्गणी मागतीस होय?" होय, घेते. नर्सही घेते, डॉक्टरही घेतात, त्यांना नाही कुणी विचारत.

असो. गेल्या आठवड्यात एका आजोबांकडे गेले होते. त्यांची बायको आमच्याकडे शेवटचे तीन आठवडे होती. रात्रपाळीच्या नर्ससाठी २००० पौंड मागितले आणि या खेपेला खरंच तोंड मिटलं. भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज येत होता. आजोबा कपातला चमचा फिरवत राहिले, चहा केव्हाच गार झालेला. बऱ्याच वेळानं बोलले ते पैशाबद्दल नव्हेच. रात्री तीनला ती जागी व्हायची, तेव्हा नर्स तिचे केस विंचरायची, म्हणाले. मी मध्ये बोलले असते तर ते तसंच राहून गेलं असतं. पैशाचं "कळवतो" म्हणाले. अजून कळवलेलं नाही.

रविवारी हे सगळं बाबांना फोनवर सांगितलं. शेवटपर्यंत ऐकून घेतलं, मध्ये एकदाही बोलले नाहीत. मला वाटलं, पटलं बहुतेक.

"बरं, ते राहू दे," मग म्हणाले. "तुझ्या नावची पावती फाडलीय मी. पाच हजार एक. पाठव की सावकाश."