एसटीतल्या आजीचे ओठ

ॲनिमेशनच्या पदवीचं पहिलं सत्र आम्ही संगणकाला हात न लावता काढलं. लाइटबॉक्स (खालून उजेड येणारी काच), पेन्सिल आणि पेगबार, एवढंच सामान. भोकं पाडलेला कागद पेगबारच्या खुंट्यांत बसवायचा, म्हणजे प्रत्येक चित्र आधीच्या चित्रावर नेमकं येतं. पहिला धडा उसळणाऱ्या चेंडूचा. वरच्या टोकाला चेंडूची चित्रं जवळजवळ येतात, जमिनीकडे येताना त्यांच्यातलं अंतर वाढत जातं. त्यानंतर पिठाची पिशवी. तिला ना डोळे, ना हात. फक्त वजन आणि चार कोपरे. ती दमलेली दाखवायची, रुसलेली दाखवायची, आणि कुठल्याही चित्रात तिच्यातलं पीठ कमी-जास्त झाल्यासारखं वाटता कामा नये. माझ्या मते सगळ्या अभ्यासक्रमातला हाच सर्वांत मोलाचा धडा. तो मनापासून करणाऱ्याला पुढे माणूस काढताना अडत नाही.

दुसऱ्या वर्षी टीव्ही स्टुडिओ आला. तीन कॅमेरे, कंट्रोल रूममध्ये एका कॅमेऱ्यावरून दुसऱ्यावर जायचा व्हिजन मिक्सर, कानात हेडफोन, आणि ‘दोनवर जा’ म्हटल्यावर खरंच दोन नंबरच्या कॅमेऱ्यावर जाणारा मित्र. तिथे शिकलेली एक गोष्ट सतत कामी येते: चित्रपट सेकंदाला 24 फ्रेमवर (फ्रेम म्हणजे पडद्यावरचं एकेक स्थिर चित्र) चालतो, आपल्याकडचं टीव्ही प्रसारण 25 वर. सुरुवातीलाच हे ठरवलं नाही तर शेवटी आवाज आणि चित्र एकमेकांना सोडून पळतात.

शेवटच्या वर्षी प्रत्येकाने स्वतःची फिल्म करायची होती. मी दोन मिनिटांची, हाताने काढलेली फिल्म निवडली. दोन मिनिटं म्हणजे 2,880 फ्रेम. एक चित्र दोन फ्रेम धरलं तरी 1,440 चित्रं, आणि ती एका पात्रापुरती. एवढं काढायचं तर प्रत्येक सेकंद आधी ठरलेला लागतो. म्हणून क्रम असा: गोष्ट, स्टोरीबोर्ड (प्रसंगांची क्रमाने काढलेली कच्ची चित्रं), आवाजाचं रेकॉर्डिंग, मग स्टोरीबोर्डची चित्रं त्या आवाजावर बसवून ॲनिमॅटिक. ॲनिमॅटिक पक्कं झाल्यावरच खरी चित्रं. आधी आवाज, मग चित्र, हे घरच्यांना समजावताना फार वेळ गेला.

माझी गोष्ट एसटीतली. पंचाहत्तरी ओलांडलेली आजी कोंबडी घेऊन बसते. 2022 पासून तिच्या वयाच्या लोकांना एसटीचा प्रवास मोफत आहे, हे तिला पक्कं माहीत. ती कंडक्टरला विचारते, “माझं फुकट हाय, ठावं हाय मला. ह्या कोंबडीचं किती?” तो कोंबडी मांडीवर ठेवायला सांगतो, तेव्हा म्हणते, “लई गुणाची हाय. आळीतली पोरं खेळवत्यात तिला.” संवाद ठेवूच नकोस, मुकी फिल्म कुठल्याही महोत्सवात चालते, असं मला एकाहून जास्त लोकांनी सुचवलं. सल्ला चांगल्या मनाने दिलेला होता. पण ही गोष्ट आजीच्या बोलण्यातच होती. ते काढलं तर उरली असती नुसती बस.

कंडक्टरचा आवाज आमच्या गावच्या निवृत्त कंडक्टर काकांनी दिला. आमच्या माडीवरच्या खोलीत पंखा बंद, भिंतींना गाद्या, खिडकीला गोधड्या. माइकसमोर काका पुस्तक वाचल्यासारखे बोलायला लागले. मग त्यांना त्यांचा जुना तिकीट पंच करायचा चिमटा हातात दिला आणि उभं केलं. क्षणात आवाज बदलला. “पोरी, डबल बेल कोण मारणार? त्याशिवाय गाडी हलायची नाही,” म्हणाले. ती वाक्यं फिल्ममध्ये नाहीत, पण ते बोलताना मान कशी वळते, एक पाय गाडीच्या हेलकाव्याला कसा टेकतो, हे मी व्हिडिओवर घेऊन ठेवलं आणि पुढे तेच काढलं.

आजीचे संवाद शेजारच्या काकूंनी म्हटले. खरी परीक्षा तिथून सुरू झाली.

लिप-सिंकसाठी, म्हणजे आवाजाला ओठ जुळवायला, एक्सपोजर शीट असते. लांब कागद, एक ओळ म्हणजे एक फ्रेम. रेकॉर्डिंग तुकड्या-तुकड्याने ऐकायचं आणि कुठल्या फ्रेमला कुठलं अक्षर येतं ते लिहायचं. मग प्रत्येक अक्षराला तोंडाचा आकार. पुस्तकांतून मिळणारे तोंडांचे तक्ते इंग्रजी उच्चारांवरून बनलेले आहेत. ‘लई’ त्यांच्यावर नीट बसतं: जीभ वरच्या दातांमागे, ती दिसते. पण ‘आळीतली’ मधल्या ‘ळ’ला जीभ मागे वळते, बाहेरून दिसतं फक्त उघडं तोंड. तिथे ‘ल’चं चित्र ठेवलं की आवाज शुद्ध असूनही आजी ‘आलीतली’ म्हणाल्यासारखी दिसते. ‘खेळवत्यात’ मधला ‘व’ आणखी अवघड. तक्त्यातल्या आकारात वरचे दात खालच्या ओठावर रुततात. आपल्या ‘व’ला ते जेमतेम टेकतात. दात रुतवले तेव्हा कौतुक करणारी आजी चिडलेली दिसायला लागली.

मग आरसा आणि फोन घेऊन बसले. आईला, काकूंना, मेसच्या मावशींना विचारून त्यांचं बोलणं जवळून चित्रित केलं आणि एकेक फ्रेम थांबवून आकार काढले, त्यांचा माझा तक्ता केला. ‘प, फ, ब, भ, म’ला ओठ मिटलेले दिसायलाच हवेत, निदान दोन फ्रेम; एकच ठेवली तर डोळा ती पकडत नाही. आवाजात तेवढी जागा नसेल तर आधीच्या स्वरातून एक फ्रेम काढून घ्यायची. तोंडाची सगळी चित्रं आवाजाच्या एक-दोन फ्रेम आधी ठेवली तर जास्त खरं वाटतं. आणि प्रत्येक अक्षराला आकार दिला तर चेहरा फडफडतो. वाक्यातला जोर कुठे आहे ते शोधून बाकीचं हलकं सोडून द्यायचं. ‘गुणाची’ला भुवया आणि हनुवटी वर जातात, ओठांचं काम तिथे थोडंच आहे.

ही चिकाटी आपल्या मातीत जुनी आहे. दादासाहेब फाळक्यांनी कथापट करायच्याही आधी वाटाण्याच्या रोपाची वाढ थांबत-थांबत, फ्रेमफ्रेमने कॅमेऱ्यात पकडली होती, आणि 1915 मध्ये आगकाड्या हलवून फिल्म केली होती. शंभरहून अधिक वर्षं उलटली, तरी मराठी तोंडांचा तयार तक्ता मला कुठल्या वर्गात मिळाला नाही, याचं वाईट वाटतं. ॲनिमेशन शिकवणाऱ्या प्रत्येक संस्थेत तो भिंतीवर असायला हवा.

क्लीन-अप (रेघा स्वच्छ करणं), रंग, कंपोझिटिंग (सगळे थर एकत्र बसवणं) आणि रेंडर (शेवटची फिल्म काढणं) यांबद्दल फार सांगण्यासारखं नाही; वर्गातले सगळे एकमेकांचे रंग भरत होते, एवढंच. पावलांचे आणि आजीच्या पिशवीचे आवाज आम्ही स्वतः केले. कोंबडी खरी होती, गावच्या परसातली.

ज्युरीसमोर फिल्म दाखवली तेव्हा एका परीक्षकांनी ‘खेळवत्यात’ची जागा पुन्हा लावायला सांगितली आणि तक्ता मागून घेतला. आता तो पुढच्या वर्गाकडे आहे. सिंधुदुर्गातून आलेला एकजण त्यात मालवणीचे आकार भरतोय, आणि मी काकूंच्या नातवाचं बोलणं चित्रित करायला घेतलंय. त्याचे पुढचे दोन दात पडलेत, आणि त्याचे ‘स’ आणि ‘त’ अजून कुठल्याच तक्त्यात बसत नाहीत.