शेवटून पहिली

जेवण झाल्यावर, भांडी आवरायच्या आधी, पाच मिनिटं फोन घेऊन बसायची मला सवय आहे आणि आयुष्यातल्या बऱ्याच भानगडी त्या पाच मिनिटांतच सुरू होतात. गेल्या हिवाळ्यात असंच झालं. भाचीने एका हायकिंग क्लबचा फॉर्म पाठवला. रविवारी सकाळी रामटेक, सर्व वयाच्या सर्वांसाठी, अनुभव असो वा नसो. नाव, वय, रक्तगट, घरच्या कोणाचा तरी नंबर इथवर मी सरळ भरत गेले. मग रकाना आला 'अनुभव' आणि त्याखाली तीन गोल. नवखे, मध्यम, अनुभवी. एकावर टिचकी मारायची.

मी त्या तीन गोलांकडे बघत बसले. खरकटी ताटं पार वाळली.

आता तुम्हीच सांगा, नागपूरच्या माणसाने इथे काय भरावं? पुण्याकडच्यांचं बरं असतं, रविवार उजाडला की सिंहगड आहेच. आमच्याकडे चढ म्हणजे उड्डाणपूल. गाव तसं समुद्रसपाटीपासून तीनशे मीटर वर आहे, पण सगळंच्या सगळं एकदम वर आहे, त्यामुळे कोणाच्या लक्षात येत नाही. टेकड्या नाहीतच असं नाही. सीताबर्डीला बडी टेकडी आणि छोटी टेकडी अशा दोन आहेत. १८१७ च्या नोव्हेंबरात आप्पासाहेब भोसल्यांचं सैन्य आणि इंग्रज तिथेच लढले. पण आता तिथला किल्ला लष्कराकडे. सव्वीस जानेवारी, पंधरा ऑगस्ट असं काही असलं तरच आपल्याला वर सोडतात. म्हणजे चढायची हौस आली तर आधी कॅलेंडर बघा. बाकी रेल्वे स्टेशनजवळचा टेकडी गणपती आहे, पण 'टेकडीला जाऊन येते' म्हणणाऱ्या एकाही बाईला आपण काही चढून आलो असं वाटत नाही. आणि सेमिनरी हिल्सला सकाळी लोक जातात ते गप्पा मारायला.

कॉलेजात भूगोलाच्या बाई सांगायच्या की दख्खनचा काळा बेसाल्ट पश्चिमेकडून येत येत नागपूरला संपतो. शहराच्या पूर्वेला गेलं की वेगळाच, कितीतरी जुना खडक लागतो. सह्याद्री ज्या दगडाचा, तोच दगड इथवर येईपर्यंत दमला असणार. मला त्याच्याबद्दल पहिल्यापासून आपुलकी आहे.

तर 'नवखे'. बोट तिथे नेलं आणि मावशी आठवली.

मावशी दरवर्षी नागद्वारीला जायची. पचमढीच्या जंगलातली ही यात्रा विदर्भातल्या लोकांना वेगळी सांगायला नको. एरवी ते जंगल व्याघ्र प्रकल्पातलं, वाट बंद. नागपंचमीच्या अलीकडचे दहाएक दिवसच ती उघडते आणि तेसुद्धा ऐन पावसात. साडेतेराशे मीटरचा धूपगड, सातपुड्यातलं सगळ्यात उंच शिखर, त्याच्याच अंगाखांद्यावरून सगळा प्रवास. चिखल, धुकं, एकीकडे दरी, मध्येच लोखंडी शिड्या. आणि मावशी म्हणजे चांगली वजनदार बाई. घरी माडीवर जाताना जिन्यात मध्येच उभी राहून शेजारणीची चौकशी करायची, ती दम खायला, हे आम्हा पोरांनाही कळायचं. पण नागद्वारीला साडीचा कासोटा मारून, चपला पिशवीत टाकून निघायची. तिला कोणी विचारलं नाही की बाई, तुम्ही नवख्या का मध्यम.

शाळेत असताना मलाही तिने नेलं. मोहल्ल्याचं मंडळ होतं. तांदळाची पोती, गंज, पळ्या, सगळं डोक्यावरून जंगलात जायचं आणि येणाऱ्या-जाणाऱ्या कोणालाही जेवू घालायचं. डोक्यावरून प्लास्टिकचा कागद घेऊन, भिजलेल्या हाताने खाल्लेला तो गरम वरणभात. त्याच्याबद्दल लिहायला लागले तर हा लेख तिथेच राहील, म्हणून सोडून देते. मला सांगायचंय ते भाऊजींचं. कोणाचे भाऊजी ते मला आजही माहीत नाही, सगळं मंडळ त्यांना भाऊजीच म्हणायचं. हे भाऊजी कायम सगळ्यात मागे. हातात काठी, कमरेला टॉर्च आणि खांद्यावर पुढच्यांनी कंटाळून सोडलेलं सगळं सामान. कोणाची छत्री, कोणाची शिदोरी, एका उतारावर तर कोणाचं पोरगं. मावशी चिखलात घसरून बसली तेव्हा हसू फुटायच्या आत तिनेच जाहीर केलं, "मले इथंच बसायचं होतं." भाऊजी काही न बोलता बाजूच्या चिखलात बसले. म्हणाले, "मलेबी."

त्यांचा एक नियम होता. मुक्कामाहून म्हाताऱ्या आणि लेकुरवाळ्या बाया आधी निघणार, अंधारातच. तरणी पोरं मागून, चहा-बिहा पिऊन. चढ लागेस्तोवर सगळे बरोबरीला येतात. असं करायचं असतं हे कोणी त्यांना शिकवलं असेल असं वाटत नाही.

मी 'नवखे'वरच टिचकी मारली. मावशीला हा फॉर्म दाखवला असता तर तिने एवढंच विचारलं असतं, जेवण कोणाकडे आहे?

रविवारी पहाटे शंकरनगर चौकात जमलो. बसमध्ये नेहमीची ओळख-परेड झाली. एक जण हिमालयात बर्फात जाऊन आलेला, दोन्ही हातांत काठ्या. कॉलेजच्या मुली. एक निवृत्त जोडपं, त्यातल्या बाईंनी आधीच संत्री सोलून डब्यात भरलेली. एक गृहस्थ साध्या सँडलवर, ते शेवटी सगळ्यांच्या आधी वर पोचले. ग्रुपच्या पुढे चालणारी मुलगी लीड आणि सगळ्यात मागे एक पोरगा, तो बॅकलीड. मिहानमधल्या कुठल्याशा कंपनीत नोकरीला, गळ्यात नारिंगी शिट्टी. दोनदा वाजली की पुढच्यांनी थांबायचं.

अंबाळा तलावाच्या बाजूने चढायला लागलो आणि पहिल्या शंभर पायऱ्यांतच सगळ्यांना आपापली जागा सापडली. माझी कुठली, ते सांगायला नको.

माझा एक जुना विक्षिप्तपणा आहे. चढताना मी कोणालाही 'किती राहिलं?' असं विचारत नाही, कारण मला 'आलंच' हे उत्तर ऐकवत नाही. जगात इतक्या प्रेमाने इतकं खोटं दुसरं काही बोललं जात नसेल. "आलंच काकू, हे काय, दिसून राह्यलं." दिसत असतं ते आभाळ. आमची आई दवाखान्याच्या रांगेतही 'आलाच आपला नंबर' म्हणायची, तेव्हापासूनचं हे आहे. निवृत्त बाईंना हा इतिहास माहीत नसल्याने त्यांनी विचारलं. बॅकलीड पोराने घड्याळ पाहिलं आणि म्हणाला, "अर्धं झालं. पुढचं अर्धं जास्त चढाचं आहे." त्या क्षणी तो मला आवडला.

दुसरी गोष्ट आहे ती विश्रांतीची. जे कोणी ग्रुपबरोबर चालले असतील त्यांना हे दुःख ठाऊक आहे. पुढचे लोक वळणावर थांबतात, पाणी पितात, फोटो काढतात, पाय पसरतात. दहा मिनिटांनी आपण धापा टाकत पोचलो की आपल्याला पाहून त्यांचे चेहरे फुलतात, टाळ्याही वाजवतात आणि म्हणतात, "आले! चला!" म्हणजे ज्याला विश्रांती नको त्याला मिळते, आणि ज्याला हवी तो विश्रांती संपल्याची खूण म्हणून वापरला जातो. 'सर्वांसाठी' असं लिहिलेलं असतं ते चालायचं असतं, थांबायचं नसतं.

त्यामुळे मागच्यांना स्वतःची निमित्तं शोधावी लागतात. मी पाट्या वाचते. पुरातत्त्व खात्याच्या निळ्या पाट्यांची माझ्याइतकी निष्ठावान वाचक नसेल. वर केवल नरसिंह आणि रुद्र नरसिंह अशी दोन देवळं आहेत, वाकाटकांच्या काळातली, पाचव्या शतकातली. गुप्त घराण्यातल्या दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी प्रभावतीगुप्ता वाकाटकांकडे दिलेली. नवरा लवकर गेला आणि तिने लहान मुलांच्या नावाने राज्य चालवलं. तिचा एक ताम्रपट आहे तो रामगिरीच्या स्वामीच्या पायाशी बसून दिलेला. रामगिरी म्हणजे हेच, असं बहुतेक जाणकार मानतात. कालिदासाच्या यक्षालाही इथलाच मुक्काम देतात. हे सगळं त्या पोराला सांगत मी चांगली सात-आठ मिनिटं काढली. राणी काही पायऱ्या चढली नसेल, पालखीत आली असेल, असं मी म्हटलं. तो म्हणाला, "पालखीच्या मागे पण कोणीतरी असेलच ना काकू." ह्यावर मला काही सुचलं नाही. मग आम्ही उठलो.

रामटेकला लहानपणी त्रिपुरी पौर्णिमेला यायचो. उकडलेले शिंगाडे, वानरांनी पळवलेला प्रसाद आणि वरचा तो भलामोठा दगडी वराह. त्याच्या पोटाखालून रांगत पलीकडे निघायचं. पापी माणूस अडकतो असं आमच्या घरी सांगत. त्यामुळे काका दरवर्षी खाली जायच्या आधी श्वास सोडून पोट आत घ्यायचे आणि काकू पलीकडे उभी राहून बघायची. तिच्या चेहऱ्यावर उत्सुकता असायची एवढं नक्की. कशाची, ते मला लग्न झाल्यावर कळलं.

तर वर पोचलो. घामाने चिंब, गुडघे बोलत असलेले, आणि समोर बघते तर मोटारी उभ्या. रामटेकला गाडी वरपर्यंत जाते, हे सगळ्यांना माहीत असतं, मलाही होतं, पण चढताना माणूस ते सोयीने विसरतो. एका गाडीच्या डिकीत बसून एक कुटुंब डबा खात होतं. त्यातल्या आजींनी मला खालून वर न्याहाळलं.

"पायी आले?"

"हो."

"काऊन जी? रस्ता हाये ना."

त्या प्रश्नाचं उत्तर मी दोन-तीन वाक्यांत द्यायला गेले. निसर्ग, व्यायाम, चार माणसांच्या ओळखी, असं काहीबाही. आजी शांतपणे ऐकत होत्या. मग त्यांनी माझ्या हातावर लाडू ठेवला, नवस फेडायला पायी आलेल्यांच्या हातावर ठेवतात तसा. मी तो खाल्ला.

खाली आल्यावर मी लीड मुलीला भाऊजींचा नियम सांगितला, मागच्यांना पुढे घाला. पोरगी गुणी, पुढच्या वेळी तिने खरंच घातलं. मी आणि ते निवृत्त जोडपं सगळ्यात पुढे. आणि काय सांगू, इतकं वाईट चालणं मी आयुष्यात चालले नाही. मानेवर मागच्या वीस जणांचा श्वास. थांबावं तर मागची अख्खी रांग थांबते आणि कोणी काही म्हणत नाही, तेच जास्त लागतं. पाटी दिसली तरी वाचायची सोय नाही. शिवाय पुढे कोणी बोलत नाहीत, सगळे वाटेकडे बघत असतात. मागे कसं, माणसं दमली की खरं बोलतात. निवृत्त बाईंच्या मुलाचं, त्या पोराच्या नोकरीचं, सगळं मला मागेच कळलेलं. अर्ध्या वाटेत बुटाची नाडी बांधायला म्हणून मी खाली बसले आणि सगळे पुढे जाईपर्यंत बांधत राहिले. भाऊजींचा नियम बरोबर की चूक, मला आता सांगता येणार नाही. त्यांच्या म्हाताऱ्या निदान आपल्याआपल्यात होत्या, आणि अंधार होता.

हे सगळं आज डोक्यात यायचं कारण म्हणजे तो बॅकलीड पोरगा पुण्याला चालला. तिकडे चांगली नोकरी लागली, रविवारी सिंहगड आहेच. दुपारी लीड मुलीचा फोन आला.

"काकू, बॅकलीड तुम्ही करता का?"

"अगं, मीच सगळ्यात मागे असते. मी कोणाला सांभाळणार?"

"तेच ना काकू. तुम्ही तशाही तिथेच असता."

हो म्हटलं नाही. नाही पण म्हटलं नाही. पुढचा कार्यक्रम काटोल रोडच्या जुनापाणीचा आहे, महापाषाण काळातल्या दगडी वर्तुळांचा. मोकळं माळरान, चढ औषधालाही नाही. तिथे मागे कोण राहणार, आणि राहिलं तरी दिसेलच. तरी शनिवारी मला बर्डीला जायचंच आहे, मोदी नंबर तीनमध्ये ब्लाउज टाकायचेत. शिट्टी कुठे मिळते तेवढं विचारून येईन.